रेडिओवर विमानाचं मॉडेल कसं सांगायचं: ‘सेसना’, ‘स्कायहॉक’ की नुसतं रजिस्ट्रेशन?

तुमची अडचण मला समजली ती अशी. तुम्ही सेसना १७२ वर शिकताय. एक इन्स्ट्रक्टर पहिल्या कॉलला ‘सेसना’ म्हणायला लावतात, दुसरे ‘स्कायहॉक’ म्हणा म्हणतात, आणि तिसऱ्यांचं म्हणणं की रजिस्ट्रेशन (विमानाचा नोंदणी क्रमांक) सांगितलं की पुरे, बाकीची बडबड कशाला. क्लबमध्ये पायपर पीए-२८ सुद्धा आहेत. त्या एकाच विमानाला कुणी ‘पायपर’, कुणी ‘चेरोकी’, कुणी ‘वॉरियर’ म्हणतं. यातलं बरोबर कोणतं, चुकीचं बोललं तर नियम मोडतो का, आणि पुढेमागे मित्राबरोबर भागीदारीत घ्यायचं म्हणताय त्या आरव्ही-७ ला काय म्हणायचं, हे तुम्हाला हवंय.

तिघांपैकी कुणीच चुकीचं शिकवत नाहीये. तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, एवढंच. विमान कोणतं, हे रजिस्ट्रेशन सांगतं. विमान कसं आहे, म्हणजे किती वेगाचं आणि दिसायला कसं, हे मॉडेलचं नाव सांगतं. आणि कंट्रोलरने त्याच्या सिस्टिममध्ये काय टाइप करायचं, हे विमानाचा टाइप कोड सांगतो. या तिन्हींना आपण सरसकट ‘विमानाचं नाव’ म्हणतो आणि तिथेच गुंता होतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो ते इतकंच: ऐकणाऱ्याला वेग आणि आकार यांचा बरोबर अंदाज येईल असा सगळ्यात छोटा शब्द निवडा, आणि एकदा निवडला की त्या उड्डाणात तो बदलू नका. खालचं सगळं या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे. अर्थात देश कोणता, टॉवर आहे की नाही, रडार आहे की नाही, आजूबाजूला कोणती विमानं उडताहेत, यावर बरंच अवलंबून आहे. ते जिथे येईल तिथे सांगतो.

आधी नियमाचं बघू, कारण तुमच्या प्रश्नात त्याची धास्ती जास्त दिसतेय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, परिशिष्ट १० च्या दुसऱ्या खंडात कॉलसाइनचे, म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायच्या नावाचे, तीन प्रकार दिलेत. पहिल्यात रजिस्ट्रेशनची अक्षरं-आकडे जसेच्या तसे. दुसऱ्यात ऑपरेटरचं रेडिओवरचं नाव आणि पुढे रजिस्ट्रेशनची शेवटची चार अक्षरं. तिसऱ्यात ऑपरेटरचं नाव आणि फ्लाइट क्रमांक, एअरलाइन्सचा तो. तुम्ही-आम्ही हलक्या विमानांतली माणसं बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडतो, आणि या पहिल्या प्रकाराच्याच आधी निर्मात्याचं किंवा मॉडेलचं नाव जोडायची मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे नुसतं रजिस्ट्रेशन बोललात तरी चालतं, ‘सेसना’ जोडलंत तरी चालतं, ‘स्कायहॉक’ जोडलंत तरी चालतं. यापैकी कशासाठीही कुणी तुमच्यावर कारवाई करणार नाही.

पण एकदा तो शब्द जोडला की तो कॉलसाइनचा भाग होतो, आणि इथून पुढे मात्र शिस्त लागते. आयकाओचं छापील उदाहरणच घ्या. ‘सेसना फॉक्सट्रॉट अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा’ हे पूर्ण कॉलसाइन (अल्फा म्हणजे ए, ब्राव्हो म्हणजे बी, असे हे रेडिओवरचे अक्षरांचे शब्द). संपर्क नीट प्रस्थापित झाला की ते आखूड होऊन ‘सेसना चार्ली डेल्टा’ किंवा ‘सेसना ब्राव्हो चार्ली डेल्टा’ होतं. ‘सेसना’ न लावता उडत असाल तर आखूड रूपात रजिस्ट्रेशनचं पहिलं अक्षर आणि शेवटची किमान दोन अक्षरं राहतात, म्हणजे ‘फॉक्सट्रॉट चार्ली डेल्टा’. फरक लक्षात घ्या: ‘सेसना’ लावलं की पहिलं अक्षर गळतं आणि ओळख पटवायचं त्याचं काम ‘सेसना’ या शब्दावर येऊन पडतं. त्याच फ्रीक्वेन्सीवर शेवटी चार्ली डेल्टा असलेलं एखादं पायपर आलं, तर दोघांना वेगळं ठेवणारा तोच एक शब्द उरतो. मधूनच तुम्ही तो गाळलात आणि नुसतं ‘चार्ली डेल्टा’ म्हणून उतरायची परवानगी रीडबॅक केलीत, म्हणजे परत बोलून दाखवलीत, तर कंट्रोलरला थांबून विचारावं लागणार की कोण बोलतंय.

म्हणून उड्डाणात कॉलसाइनचा प्रकार वैमानिकाने आपल्या मनाने बदलायचा नसतो. गोंधळ होण्यासारखी सारखी कॉलसाइन्स एकत्र आली तर कंट्रोलर तात्पुरतं बदलायला सांगू शकतो. तो त्याचा अधिकार. आखूड करण्याचंही तसंच. सुरुवात जमिनीवरच्या स्टेशनकडून व्हायची. टॉवरने तुम्हाला ‘सेसना चार्ली डेल्टा’ म्हणून हाक मारली की मगच तुम्ही तसं म्हणायचं. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, नुकती सुरुवात केलेली मुलं पहिल्याच कॉलला आखूड नाव सांगतात, कारण त्यांनी हेडसेटमध्ये बाकीच्यांना तसंच बोलताना ऐकलेलं असतं. बाकीच्यांचा संपर्क आधीच झालेला असतो, ते यांच्या कानावर पडलेलं नसतं.

‘सेसना’ की ‘स्कायहॉक’ या वादाचं मूळ बहुतेक अमेरिकन सवयीत आहे. तिथल्या वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहिती पुस्तिकेत सांगितलंय की विमानाचा प्रकार, मॉडेल किंवा निर्मात्याचं नाव म्हणा आणि पुढे रजिस्ट्रेशन. नाव लावलं की सुरुवातीचं ‘नोव्हेंबर’ (अमेरिकन रजिस्ट्रेशनचं पहिलं अक्षर एन) गाळा. आता तिथलं रजिस्ट्रेशन मुख्यतः आकड्यांचं असतं. ‘सेसना वन सेव्हन टू’ म्हणून लगेच पुढे ‘सिक्स फाइव्ह वन...’ म्हणू लागलात तर मॉडेलचे आकडे कुठे संपले आणि रजिस्ट्रेशनचे कुठे सुरू झाले ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘स्कायहॉक’ म्हटलं की हा प्रश्नच उरत नाही, शिवाय तीन आकडे वाचतात. म्हणून तिकडे १७२ ला ‘स्कायहॉक’, १८२ ला ‘स्कायलेन’, १७७ ला ‘कार्डिनल’, २१० ला ‘सेंच्युरियन’ म्हणायची पद्धत चांगलीच रुळलीय. (स्कायहॉक हे मुळात १७२ च्या जास्त साजशृंगार असलेल्या आवृत्तीचं नाव. पुढे ते सगळ्याच १७२ ला चिकटलं.) जिथे रजिस्ट्रेशन फक्त अक्षरांचं असतं तिथे ही अडचण नाही, तिथे ‘सेसना वन सेव्हन टू’ स्वच्छ ऐकू येतं आणि ‘स्कायलेन’ म्हटल्यावर मात्र एखादा नवखा वैमानिक विचारात पडू शकतो. तुमच्या दोन इन्स्ट्रक्टरांपैकी कोण कुठे शिकलंय ते विचारून बघा, बहुधा उत्तर तिथेच सापडेल.

आता निर्मात्याचं नाव एकटं कितपत उपयोगी पडतं ते बघा, कारण इथेच खरी गंमत आहे. ‘सेसना’ म्हणजे १५२ सुद्धा आणि सायटेशन जेट सुद्धा. पण सायटेशनवाले स्वतःला ‘सायटेशन’ म्हणतात, दोन इंजिनांच्या ३१० वगैरेंना अमेरिकेत ‘ट्विन सेसना’ म्हणतात, २०८ ला ‘कॅरॅव्हॅन’. त्यामुळे नुसतं ‘सेसना’ ऐकलं की अनुभवी कानाला एक पिस्टन इंजिन, वर पंख, वेग १०० ते १४० नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) असं चित्र दिसतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. म्हणून १७२ साठी नुसतं ‘सेसना’ मला पूर्ण मान्य आहे.

‘पायपर’चं तसं नाही. कब सुद्धा पायपर, जेमतेम ६५ नॉटने रमतगमत जाणारं. आणि शायेन सुद्धा पायपर, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. ‘पायपर’ ऐकून कंट्रोलरला काहीच ठरवता येत नाही. ‘बीच’चं, म्हणजे बीचक्राफ्टचं, त्याहून वाईट, कारण त्यात दोन आसनी स्किपरपासून किंग एअरपर्यंत सगळं आलं. तिथे मॉडेलचंच नाव घ्यायचं: ‘बोनान्झा’, ‘बॅरन’, ‘किंग एअर’. मूनीला नुसतं ‘मूनी’ पुरतं; तिची पिस्टन विमानं एका घराण्यातली, आणि समोरची कड सरळ उभी असलेली शेपटी लांबूनही ओळखू येते. ‘सिरस’ सुद्धा एसआर२० आणि एसआर२२ या दोघांना चालून जातं, जेट असेल तर ते लोक तसं वेगळं सांगतातच. डायमंडचं थोडं जपून. डीए४० ला ‘डायमंड’ किंवा ‘डायमंड स्टार’, डीए४२ ला ‘ट्विन स्टार’. पण उत्तर अमेरिकेत एएस३५५ हे हेलिकॉप्टरही ‘ट्विनस्टार’ या नावाने विकलं गेलं, तेव्हा जिथे हेलिकॉप्टरांची वर्दळ आहे तिथे ‘डायमंड ट्विन स्टार’ असं पूर्ण म्हटलेलं बरं. नाहीतर कुणीतरी हवेत स्थिर राहणारं काहीतरी शोधत बसायचा.

तुमच्या पीए-२८ कडे येतो. हे एक विमान नाही, कुटुंब आहे, आणि ‘चेरोकी’ हे त्या कुटुंबाचं आडनाव म्हणा. १४०, १६०, १८० या जुन्या चेरोकी, निमुळत्या पंखांची वॉरियर, १८० अश्वशक्तीची आर्चर, आत जाणाऱ्या चाकांची ॲरो, २३५ अश्वशक्तीची डकोटा, सगळ्या पीए-२८. आणि ‘चेरोकी सिक्स’ नावाचं सहा आसनी विमान मात्र पीए-२८ नाहीच, ते पीए-३२. म्हणजे ‘चेरोकी’ एवढंच ऐकलं तर खाली पंख, एक पिस्टन इंजिन इतकं नक्की कळतं. वेगाबाबत अंदाज ढोबळ राहतो. टॉवर असलेल्या छोट्या विमानतळावर सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरावीक फेरी) करताना तेवढं पुरतं. तुमच्या क्लबची विमानं वॉरियर असतील तर ‘वॉरियर’ म्हणा. शब्द छोटा आहे आणि नेमकाही. ॲरो असेल तर मी ‘चेरोकी’ म्हणू देत नाही. आत जाणारी चाकं असलेलं विमान वेगळ्या वेगाने येतं, आणि फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) कुणाची चाकं खाली दिसत नसतील तर टॉवरमधल्या माणसाला ते सांगायची संधी मिळावी. सेसनातही हेच लागू होतं: १७२ आरजी असेल तर ‘कटलस’.

इथपर्यंत बोलण्याचं झालं. चार अक्षरी कोड हे वेगळं प्रकरण आहे, आणि बरेच जण त्यात अडखळतात. आयकाओच्या ८६४३ क्रमांकाच्या दस्तऐवजात प्रत्येक विमान प्रकाराला जास्तीत जास्त चार अक्षर-आकड्यांचा कोड दिलाय. १७२ ला सी१७२. कटलसला सी७२आर. वॉरियर, आर्चर आणि जुन्या छोट्या चेरोकींना पी२८ए. डकोटाला पी२८बी. ॲरोला पी२८आर. चेरोकी सिक्सला पीए३२. फ्लाइट प्लॅनच्या (उड्डाणाची माहिती देणाऱ्या फॉर्मच्या) नवव्या रकान्यात हाच कोड जातो, आणि तिरक्या रेघेनंतर वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा, वर्ग. तुमच्यासाठी ‘एल’, म्हणजे लाइट. सातव्या रकान्यात रजिस्ट्रेशन, तेही ‘सेसना’ न लावता. मोड एस ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं उपकरण) असेल तर त्यात भरलेली ओळख आणि सातव्या रकान्यातली ओळख तंतोतंत जुळली पाहिजे. नाहीतर रडारवाल्याच्या स्क्रीनवर तुम्ही तुमच्याच प्लॅनशी जोडले जात नाही आणि तो तुम्हाला शोधत राहतो.

प्लॅन भरलेला असेल तर कोड त्याच्यासमोर आधीच असतो, तुम्ही तोंडाने सांगायची गरज नाही. प्लॅन न भरता हवेतूनच रडार सेवा मागितलीत तर मात्र समोरच्याला तो कोड त्याच क्षणी टाइप करायचा असतो. अशा वेळी ‘चेरोकी’ म्हणालात तर त्याला पी२८ए, पी२८बी, पी२८आर, पीए३२ यांतून अंदाजाने निवडावं लागतं किंवा ‘से टाइप’ म्हणून विचारावं लागतं. विचारलं तर सरळ कोड सांगा, ‘पापा टू एट अल्फा’. ब्रिटिश पद्धतीत ‘पास युअर मेसेज’ म्हटल्यावर जो क्रम शिकवतात त्यात कॉलसाइनच्या पाठोपाठ विमानाचा प्रकारच येतो, मग कुठून कुठे, आत्ता कुठे आहात, किती उंचीवर, आणि काय हवंय. तिथे कॉलसाइन नुसतं रजिस्ट्रेशन आणि प्रकार स्वतंत्र, अशी विभागणी आपोआप होते. मला वैयक्तिक ही पद्धत जास्त नीटनेटकी वाटते, पण देशाची जी पद्धत असेल ती पाळायची. आकाशात आपली वेगळी चूल मांडू नये.

‘एल’ वर्गाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण काही जणांना वाटतं की वेकचा वर्ग सांगितला की वेग कळला. तो वर्ग वजनावर आहे: कमाल उड्डाण वजन ७,००० किलोपर्यंत सगळं लाइट. सेसना १७२ एस चं कमाल वजन सुमारे १,१५७ किलो. किंग एअर ३५० चं सुमारे ६,८०४ किलो, म्हणजे जवळपास सहापट, आणि वेग ३०० नॉटच्या आसपास. दोन्ही ‘एल’. कंट्रोलरला तुमच्या आणि त्याच्या मध्ये किती अंतर ठेवायचं हे ठरवायला मॉडेल लागतंच.

टॉवर नसलेल्या मैदानावर या सगळ्याचं महत्त्व दुप्पट होतं, कारण तिथे अंतर राखणारा कंट्रोलर तुम्ही स्वतः असता. एक प्रसंग मांडतो. पायपर कब फायनलवर आहे, धावपट्टीच्या उंबऱ्यापासून एक नॉटिकल मैल. त्याच्या मागे बरोबर एक मैलावर सिरस फायनलवर वळलं. एक मैल ऐकायला भरपूर वाटतं. पण कब सुमारे ५० नॉटने येतं, तो मैल कापायला त्याला ७२ सेकंद लागतात. सिरस ९० नॉटवर असेल तर दोन मैल ८० सेकंदांत. म्हणजे कबची चाकं टेकतात न टेकतात तोच आठ सेकंदांत सिरस उंबऱ्यावर. धावपट्टी मोकळी होणं सोडाच, कब अजून शेपटी खाली आणत असेल. कबऐवजी पुढे ६५ नॉटवर येणारं १७२ असतं तर तेच अंतर २५ सेकंदांचं झालं असतं; तेही कमीच, पण निर्णय घ्यायला थोडा वाव. आता सिरसवाल्याने रेडिओवर नुसतं रजिस्ट्रेशन ऐकलं असेल तर पुढचं विमान ५० चं की ६५ चं हे त्याला कळायला मार्गच नाही. ‘कब’ हा एक शब्द ऐकला असता तर त्याने डाउनविंडच, म्हणजे सर्किटमधला धावपट्टीला समांतर टप्पा, लांबवला असता. याच कारणासाठी तिसऱ्या इन्स्ट्रक्टरांचं ‘रजिस्ट्रेशन पुरे’ हे मत मला टॉवर नसलेल्या मैदानापुरतं मान्य नाही. तिथे रजिस्ट्रेशन कुणी वाचू शकत नाही. हवेत अर्ध्या मैलावरून शेपटीवरची अक्षरं दिसत नाहीत, पंख वर आहेत की खाली ते दिसतं.

पंखांचंच बोलायचं तर वर पंख असलेल्या विमानातून वरचं दिसत नाही आणि वळताना ज्या बाजूला वळताय तीच बाजू पंख झाकतो. खाली पंख असलेल्या विमानातून खालचं दिसत नाही. फायनलवर १७२ खाली आणि वॉरियर तिच्या किंचित वर, थोडी मागे, अशी जोडी जमली तर दोघांपैकी कुणालाच दुसरं दिसत नाही, दोघंही व्यवस्थित बाहेर बघत असले तरी. म्हणून समोरचा ‘वॉरियर’ म्हणाला की माझा विद्यार्थी १७२ मध्ये बसलेला असेल तर मी त्याला विचारतो, त्याला तू दिसशील का? उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. मग बोलून जागा नक्की करायची: ‘सेसना ब्राव्हो चार्ली डेल्टा, टर्निंग फायनल, वॉरियर, से युअर पोझिशन.’ ओळख पटेपर्यंत ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणायचं नाही. टॉवरने ‘फॉलो द बोनान्झा’ म्हटलं आणि बोनान्झा कशी दिसते हे तुम्हाला ठाऊकच नसेल तर तसं सांगा. ‘अनफॅमिलियर विथ टाइप’ म्हणायला लाज वाटायचं कारण नाही; कंट्रोलर लगेच ‘लो विंग, ऑन बेस’ (खाली पंख, फायनलआधीच्या टप्प्यावर) असं काहीतरी सांगून मोकळा होतो. चुकीच्या विमानामागे जाणं जास्त महागात पडतं.

रंग सांगावा का, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचं टॉवर नसलेल्या मैदानांसाठीचं मार्गदर्शन म्हणतं की रंगाचं वर्णन जोडता येईल, पण ते प्रकार किंवा कॉलसाइन यांच्या जागी नको. म्हणजे ‘पिवळी कब’ असं कॉलसाइनबरोबर ठीक, ‘पिवळं विमान फायनलवर’ एवढंच नको. माझं मत त्याहून जरा कडक आहे. बहुतेक हलकी विमानं पांढरी असतात आणि त्यांच्यावर कसले तरी पट्टे असतात. उन्हाच्या विरुद्ध बघताना तर सगळीच काळी दिसतात. रंग ठळक असेल तरच सांगा.

आणि हे सगळं प्रत्येक कॉलला घोकत बसू नका. टॉवरशी पहिला संपर्क, नवीन फ्रीक्वेन्सीवर पहिला कॉल, टॉवर नसलेल्या मैदानावर प्रत्येक पोझिशन कॉल, इथे प्रकार हवा. मात्र हँडऑफ होऊन, म्हणजे एका कंट्रोलरने दुसऱ्याकडे सोपवल्यावर, पुढच्या रडारवर गेलात आणि प्लॅन सिस्टिममध्ये आहे, तर कॉलसाइन आणि उंची पुरेशी. रीडबॅकमध्ये प्रकार वेगळा सांगायचा नसतो; ‘सेसना’ कॉलसाइनचा भाग असेल तर तो आपोआप येतो. गजबजलेल्या फ्रीक्वेन्सीवर वाचवलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतो.

तुमच्या शाळेला स्वतःचं रेडिओवरचं नाव मिळालेलं असेल आणि तुम्ही शाळेचं नाव व क्रमांक असं कॉलसाइन वापरत असाल, तर वर सांगितलेली ‘सेसना’ जोडायची मुभा तिथे नाही. प्रकार हवा असेल तिथे तो कॉलसाइननंतर स्वतंत्र सांगायचा. सोलो विद्यार्थ्यांनी पहिल्या कॉलला ‘स्टुडंट’ किंवा ‘स्टुडंट पायलट’ जोडायची पद्धत बऱ्याच देशांत आहे. कुठे आधी, कुठे शेवटी, ते तुमच्या देशाच्या पुस्तिकेत बघा आणि बिनदिक्कत वापरा. कंट्रोलर सावकाश बोलतो, गुंतागुंतीच्या सूचना टाळतो.

क्लबच्या दोन प्रकारच्या विमानांवर आलटून पालटून उडणार असाल तर एक सवय लावून घ्या. इंजिन सुरू करायच्या आधी नीबोर्डच्या (मांडीवर बांधायच्या पाटीच्या) वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहायच्या: पूर्ण कॉलसाइन जसं बोलणार तसं, त्याचं आखूड रूप, आणि चार अक्षरी कोड. मॉडेल चुकीचं सांगणारे विद्यार्थी मला फार भेटत नाहीत. कालच्या विमानाचं रजिस्ट्रेशन आज बोलणारे मात्र ढिगाने भेटतात. विमान बदलतं, जीभ बदलत नाही. पॅनेलवर रजिस्ट्रेशनची पट्टी असते, पण कॉल करताना नजर बाहेर असते, त्यामुळे लिहिलेलं बरं.

राहिली आरव्ही-७. घरी बांधलेल्या, प्रायोगिक वर्गातल्या विमानांबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेत पहिल्या कॉलला ‘एक्स्परिमेंटल’ म्हणायचं आणि पुढच्या कॉल्समध्ये तो शब्द गाळायचा. तुमच्या इथे तसा नियम आहे का ते विमान घेण्याआधी बघून ठेवा. बोलताना नुसतं ‘एक्स्परिमेंटल’ म्हणून थांबू नका, कारण त्यात पॅराशूटच्या कापडाला लटकलेल्या यंत्रापासून छोट्या जेटपर्यंत काहीही असू शकतं, ‘आरव्ही’ जोडा. आरव्ही दिसायला चिमुकली, पण क्रूझला १६० नॉटच्या वर सहज जाते आणि सर्किटमध्ये १७२ च्या मागे लागली तर बघता बघता गाठते. ‘आरव्ही’ हा शब्द जाणकारांना एवढं सगळं सांगतो. समोर शिकाऊ मंडळी असतील तर ‘लो विंग’ आणि किती मिनिटांत सर्किटमध्ये येताय ते जोडा. नवख्याला मैलांपेक्षा मिनिटं लवकर कळतात. फ्लाइट प्लॅनसाठी तिला आरव्ही७ हा कोड आहेच, पुढचं चाक असलेली असो वा शेपटीचं. कोडच नसलेलं एखादं दुर्मीळ विमान असतं तर नवव्या रकान्यात चार वेळा झेड लिहून अठराव्या रकान्यात प्रकार शब्दांत द्यावा लागला असता. ती उठाठेव तुम्हाला करावी लागणार नाही. कुणी ‘से टाइप’ विचारलं तर ‘रोमिओ व्हिक्टर सेव्हन’ सांगा.